पल्लवीची पोर

ठमाबाई घर सोडून दवाखान्यात राहायला आली, त्याला ऑगस्टात एक्केचाळीस दिवस झाले. कुणी तिला डांबून ठेवलं नव्हतं. घर पेठ रोडला, रिक्षाने वीस मिनिटांवर. पण घरात सून होती, हर्षाली, सातवा महिना लागलेली. आणि ठमाबाईची ड्यूटी होती नाशकातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे करोना झालेल्या बाळंतिणींना ठेवत. पहिल्याच आठवड्यात तिचा मुलगा अमोल फोनवर चाचरत म्हणाला, "आई, तू तिकडंच राहिलीस तर... म्हणजे हिचं बाळंतपण होईपर्यंत."

"मी बी तेच म्हणणार होते," ती म्हणाली. म्हणणार होती हे खरंच होतं. पण आधी म्हटलं ते त्याने. तेव्हापासून ती तिसऱ्या मजल्यावर, मोडक्या खाटांच्या खोलीत गादी टाकून निजत होती.

चौपन्न वर्षांची ही बाई एकवीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती, तीही कंत्राटावर. कळा कुठल्या खऱ्या न कुठल्या खोट्या, हे तिला बाईच्या पायांच्या बोटांवरून कळे. पण त्या वर्षी सगळी रीतच पालटली. जिन्याच्या तोंडाशी जाळीचं सरकतं दार, त्याला कुलूप. पॅसेजमधे मधोमध प्लायवूडची भिंत ठोकलेली. भिंतीच्या अलीकडे पॉझिटिव्ह बाळंतिणी, पलीकडे छोट्या खोलीत त्यांची निगेटिव्ह बाळं. आई पॉझिटिव्ह निघाली की बाळ जन्मल्या जन्मल्या भिंतीपलीकडे न्यायचं आणि घरचं कुणी निगेटिव्ह माणूस येऊन घेऊन जाईपर्यंत पावडरचं दूध वाटी-चमच्याने पाजायचं, असा तिथला हुकूम होता.

नियमाने एका बाजूचं माणूस दुसऱ्या बाजूला जायचं नाही. पण माणसंच उरली नव्हती. चार आयांपैकी दोघी आजारी पडल्या, एक न सांगता गावी गेली. राहिली ठमाबाई. सकाळी सहा तास ती पीपीई किट घालून बाळंतिणींकडे असे. त्या सहा तासांत पाण्याचा घोट नाही की लघवीला जाणं नाही. चष्म्यावर वाफ धरे आणि घाम कमरेपर्यंत ओघळत जाई. मग किट उतरवून, डोक्यावरून अंघोळ करून, दुसरं लुगडं नेसून ती संध्याकाळी बाळांकडे बसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नव्हतं.

बुधवारी सुरगाण्याहून रुग्णवाहिकेत घालून पल्लवीला आणलं. वीस-एकवीस वर्षांची, अंगाने काटकुळी, पाय सुजून खांबासारखे झालेले. वाटेत तिला दोनदा झटके आले होते. रक्तदाब इतका की डॉक्टर वेदिकांनी आकडा दोनदा तपासला. तपासणीत करोनाही निघाला. पूर्ण भूल देऊन, पोट उघडून मुलगी काढली. सव्वादोन किलोची, पण रडली खणखणीत. मुलगी निगेटिव्ह निघाली आणि भिंतीपलीकडे गेली. नवरा दत्तू आणि सासू चिमणाबाई सोबत आले होते, म्हणून त्यांना परत सुरगाण्याला नेऊन एका आश्रमशाळेत चौदा दिवस ठेवलं. म्हणजे पोर न्यायला कुणीच नाही.

पल्लवी शुद्धीवर आली ती गुरुवारी दुपारी. पहिल्यांदा तिने पोटावर हात फिरवला.

"मुलगी झाली, बाई," ठमाबाई किटमधून मोठ्याने म्हणाली. "बरी हाये. पलीकडं ठेवलीये."

पल्लवीने तिच्याकडे बघितलं. बघण्यासारखं होतं काय? पांढरा बुजगावण्यासारखा पोशाख, वाफेने आंधळा झालेला चष्मा, छातीवर मार्करने लिहिलेलं 'ठमामावशी'. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

संध्याकाळी वॉर्डच्या इनचार्ज प्रतिभा सिस्टरांनी आपल्या फोनवरून दत्तूशी तिचं बोलणं करून दिलं. दत्तू पलीकडून ओरडून म्हणाला, "पोर बरी हाये गं! तू काळजी नको करू." त्यासरशी पल्लवीने फोन खाटेवर टाकला आणि अशी काही किंकाळी फोडली की वॉर्डातल्या बाकीच्या बाया उठून बसल्या.

ठमाबाईला त्याचा उलगडा झाला शुक्रवारी सकाळी, तिचं अंग पुसताना. पल्लवी छताकडे बघत, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तशी सांगत होती.

दोन वर्षांमागे तिला पहिला मुलगा झाला होता. सातव्यातच झाला, म्हणून काचेच्या पेटीत ठेवला. पेटी दुसऱ्या मजल्यावर, हिची खाट तळमजल्यावर. दत्तू रोज येऊन सांगायचा, पोर बरं हाये, तू काळजी नको करू. सासू सांगायची, दूध ओढतो हो चांगला. तिसऱ्या दिवशी हिला घरी नेलं, तेव्हा अंगणात शेजारणी गप्प उभ्या होत्या. पोर पहिल्याच दिवशी गेलं होतं. पुरूनही झालं होतं.

"दुखणं वाढंल म्हणून नाय सांगितलं म्हणं," पल्लवी म्हणाली. "चांगल्या मनानंच नाय सांगितलं. आता बी तेच बोल बोलला तो. तेच्या तेच."

ठमाबाईचा पुसणारा हात थांबला.

"ही जिती हाये गं. मी रोज पाजते तिला."

"तुम्ही बी चांगल्याच हायेत, मावशी," पल्लवी म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

प्रतिभा सिस्टरांनी मुलीचा फोटो काढून आणला. पल्लवीने बघितला. "तान्ही सगळी एकसारखीच दिसत्यात," म्हणाली. व्हिडिओ दाखवला, तर स्क्रीनकडे पाठ फिरवली. तिने जेवण सोडलं. ताटातली खिचडी तशीच सुकू लागली. गोळी दिली की गालात धरून ठेवायची आणि सिस्टर वळल्या की थुंकून टाकायची. दूध भरून छाती दगडासारखी झाली होती. पिळून काढायला ठमाबाई गेली, तर हात झिडकारला. "कुणासाठी काढता?" शनिवारी सकाळी रक्तदाब पुन्हा एकशे सत्तरवर गेला.

डॉक्टर वेदिका तिशीच्या आतल्या, तीन आठवडे हॉटेलच्या खोलीत राहून ड्यूटी करणाऱ्या. त्यांनी केसपेपर बघून ओठ चावला. "परत झटके आले तर अवघड होईल, सिस्टर. बाळ आईजवळ ठेवता येतं. मास्क लावून, हात धुऊन पाजता येतं. तसं आता तज्ज्ञही सांगतात. आपण घाबरून वेगळं ठेवतोय."

"मला नका सांगू, मॅडम," प्रतिभा सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्याच्या कमिटीला सांगा. वरून लेखी आलं की मी स्वतः बाळ उचलून आणते."

"कमिटी सोमवारी बसणार आहे."

"मग सोमवारी."

त्या दिवशी पंधरा ऑगस्ट होता. खाली आवारात झेंडावंदन झालं, पाच-सात माणसं लांब लांब उभी राहून राष्ट्रगीत म्हणाली. मग सगळं सुनसान झालं. ठमाबाई सिस्टरांच्या मागे मागे गेली.

"सिस्टर, मी सकाळी इकडं असते, सांजच्याला तिकडं. माझं चालतं. मग आईचंच का नाय चालत?"

प्रतिभा सिस्टर वळल्या. चष्म्याआड त्यांचे डोळे लाल झाले होते. "तुमचं चालत नाही, मावशी. तुमचं मी बघत नाही, एवढंच. त्या बाळाला उद्या काही झालं, तर सही कुणाची आहे? माझी. गेल्या महिन्यात आपली सिस्टर गेली, तिच्या मुलांना काय सांगितलं मी? मला आता आणखी एक नकोय." त्यांना रडू येत होतं आणि किटमुळे डोळे पुसताही येत नव्हते. तशाच त्या औषधांच्या ट्रॉलीकडे निघून गेल्या.

ठमाबाईला त्यांचा राग आला नाही. सिस्टरही अडकलेल्याच. मॅडम हॉटेलात अडकलेल्या, दत्तू आश्रमशाळेत, आपण या मजल्यावर. प्रत्येकाच्या दाराला बाहेरून कडी आणि ती काढायला कुणीच मोकळं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला पल्लवीची खाट रिकामी दिसली. सलाइनची नळी लोंबत होती, फरशीवर रक्ताचे थेंब जिन्याकडे गेले होते. जाळीच्या दाराशी ती बसली होती. टाक्यांवर एक हात, दुसऱ्या हाताने जाळी धरलेली. कुलपाला तिने किती हिसके दिले होते कोण जाणे, बोटं सोलवटली होती. पलीकडचा वॉचमन घाबरून चार पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला होता.

"उठ, पोरी. टाके तुटतील."

"मावशी," पल्लवी अगदी हळू म्हणाली, "पुरलं असंल तर जागा तरी दाखवा. मागच्याची मला अजून ठावं नाय."

ठमाबाईने तिला काखेत हात घालून उठवलं, खाटेवर आणलं, सिस्टरांनी पुन्हा सलाइन जोडलं. तीन वाजता ठमाबाईची किटची पाळी संपली. तिने किट उतरवला, अंघोळ केली, लुगडं बदललं आणि भिंतीपलीकडे बाळाच्या खोलीत जाऊन बसली. बाकीची दोन बाळं आदल्या दिवशी आपापल्या मावश्यांकडे गेली होती. उरली होती पल्लवीची पोर. नुकती जागी झालेली, मुठी चोखत होती. ठमाबाईने पावडरचा डबा उघडला, चमचा भरला आणि तसाच परत डब्यात टाकला.

पुढे काय होईल हे तिने सगळं मनात उलटंपालटं करून बघितलं. पोरीला आजार लागला तर? सव्वादोन किलोचा जीव. पाप कुणाच्या माथी? आपल्याच. नोकरी जाईल, ते जाऊ दे. पण नाही नेलं आणि आईला झटका आला तर ही जन्माची पोरकी. सोमवारपर्यंत दोन दिवस. तिने एकवीस वर्षांत झटक्याने जाणाऱ्या बाया बघितल्या होत्या. त्यांना दोन दिवस लागत नाहीत. किट घालावा, तर वीस मिनिटं जाणार, सिस्टरांना विचारावं लागणार. तिने तोंडावरचा मास्क घट्ट केला, त्यावर दुसरा बांधला, पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि प्लायवूडच्या भिंतीतलं दार ढकलून सरळ पलीकडे गेली.

वॉर्डातल्या बाया बघतच राहिल्या. इतके दिवस ज्या बाईचा फक्त आवाज ओळखीचा होता, तिचं कपाळ, पिकलेले केस, पाणी निथळणारा अंबाडा पहिल्यांदाच दिसत होता. ठमाबाईने पल्लवीच्या खाटेपाशी पोर एका हातावर धरली आणि दुसऱ्या हाताने साबण पुढे केला.

"आधी हात धू. कोपरापर्यंत. मग मास्क लाव. नाकावर घे. बोलू नको, धू आधी."

पल्लवी उठून बसली. हात धुतले. मास्क लावला. तोवर तिने दुपट्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, जणू बघितलं तर काहीतरी मोडेल. ठमाबाईने पोर तिच्या मांडीवर ठेवली. पल्लवीने दुपटं सोडलं नाही, हातपाय बघितले नाहीत, तोंडवळा कुणासारखा ते बघितलं नाही. ओलं बोट तिने पोरीच्या नाकाखाली धरलं आणि तसंच धरून राहिली. बराच वेळ. मग तिच्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचाही नव्हता न हसण्याचाही.

पोर अंगावर पिईना. चमच्याची सवय झालेली, तोंड इकडे-तिकडे फिरवून चिडून रडू लागली. "थांब, तिची चूक नाय," म्हणत ठमाबाईने आधी शेक देऊन थोडं दूध पिळून काढलं, चार थेंब पोरीच्या ओठांवर टेकवले, मान तळहातावर तोलून धरली आणि नेमक्या क्षणी पुढे ढकलली. तिसऱ्या खेपेला पोरीने पकडलं. पल्लवीने कळवळून ठमाबाईचा दंड धरला आणि सोडला नाही.

प्रतिभा सिस्टर आल्या त्या पाच मिनिटांनी. दारातच थबकल्या.

"मावशी! हे काय केलंत तुम्ही!"

"सिस्टर, आता ही पोर काँटॅक्टमधे आली," ठमाबाई जागची न हलता म्हणाली. "काँटॅक्टला बाहेर न्यायचं नाय, असं तुमच्याच कागदात हाये. आता तिला इथून काढता येईल का, तुम्हीच सांगा."

सिस्टरांची नजर तिच्या ओल्या अंबाड्यावर गेली. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही? बिनकिटच्या?"

"मी बी काँटॅक्ट."

"मग तुम्हीही बाहेर यायचं नाही. माझ्या हातात आता तेवढंच आहे." त्यांनी प्लायवूडच्या दाराची कडी पलीकडून घातली. ती पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

त्या रात्री पल्लवी जेवली. गोळी गिळून तोंड उघडून दाखवलं. दुसऱ्या दिवशी रक्तदाब एकशे चाळीसवर आला. सोमवारी कमिटी बसली आणि बाळ आईजवळ ठेवायला हरकत नाही असं लेखी आलं ते बुधवारी. तोवर पोर आईजवळ चार दिवस राहून झाली होती.

पण ते चार दिवस ठमाबाईने कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. कोपऱ्यातली रिकामी खाट तिला मिळाली होती. खिडक्या बंद, पंखा गरम हवा फिरवणारा, आणि रात्री काम असं फारसं नाही. दर तासाला ती उठून पोरीच्या कपाळाला हात लावी. पोर शिंकली की ही झोपेतूनही उठून बसे. अमोलचा फोन आला: हर्षालीला तिच्या भावाने चांदवडला माहेरी नेलं, घर आता मोकळं आहे, तू ये. "येते की," ती म्हणाली, आणि कडी घातलेल्या दाराकडे बघत बसली.

गुरुवारी आधी ठमाबाईचा, मग पोरीचा स्वॅब घेतला. एवढंसं नाक, त्यात ती काडी. ठमाबाईनेच डोकं धरलं होतं. त्या रात्रीच पोरीचं अंग तापलं. शुक्रवारी ती दूध ओढेना, नुसती मलूल पडून राहिली. दुपारी रिपोर्ट आले. ठमाबाईचा निगेटिव्ह, पोरीचा पॉझिटिव्ह. डॉक्टर वेदिकांनी ठमाबाईला बाजूला घेतलं. "आईला आत्ताच सांगू नका. रक्तदाब जेमतेम उतरलाय."

ठमाबाईने मान हलवली, खाटेपाशी आली आणि पल्लवीच्या शेजारी बसली. पल्लवी तिच्या तोंडाकडेच बघत होती.

"पोरी, तुझ्यापाशी मी खोटं बोलणार नाय. तिला बी तोच आजार निघाला. माझ्यामुळं. मी आणली नसती तर झाला नसता."

 पोरीच्या पाठीवरून पल्लवीचा हात फिरत राहिला.

"जिती हाये ना?"

"जिती हाये. तुझ्या हातातच हाये की."

"मग जे होईल ते सांगत जा, मावशी. काय बी झालं तरी सांगा. माझ्या मागं नका करू काही."

डॉक्टर वेदिकांनी रागावून ठमाबाईकडे बघितलं, आणि मग जाऊन पल्लवीचा रक्तदाब मोजला. वाढला नव्हता.

दोन दिवस पोरीला वाटी-चमच्याने आईचंच दूध पाजलं, थेंब थेंब. ताप उतरे, पुन्हा चढे. बालरोगतज्ज्ञ दिवसातून तीनदा येऊन छाती ऐकून जात. त्या दोन दिवसांत ठमाबाईने देवाला काही नवस बोलला नाही; तिला वाटलं, आपण कुठल्या तोंडाने बोलावं? प्रतिभा सिस्टर रविवारी सुट्टी असूनही किट चढवून आल्या, पोरीच्या पायाच्या अंगठ्यावर ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून तासभर आकड्याकडे बघत बसल्या.  सोमवारी पहाटे पोरीचं अंग घामेजलं, कपाळ गार पडलं, आणि उजाडताना तिने भुकेने असा काही टाहो फोडला की चार खाटांवरून बाया म्हणाल्या, "घ्या, पाजा तिला!"

आणखी दहा दिवसांनी पल्लवी आणि तिची पोर सुरगाण्याला गेल्या. दत्तू आला होता, पण त्याला जिन्याखालीच थांबवलं होतं. पल्लवी पोरीला छातीशी धरून, कठड्याला टेकत एकेक पायरी उतरली. ठमाबाई पुन्हा किटमधे होती, तिला वरच्या पायरीपुढे जाता येत नव्हतं. दत्तूने हात पुढे केले, तशी पल्लवी म्हणाली, "आधी हात धू. कोपरापर्यंत." तो गोंधळून वॉचमनकडे साबण मागू लागला.

मग ती वळली. वर उभ्या असलेल्या पांढऱ्या आकृतीकडे बघून म्हणाली, "मावशी, बारशाला नाव तुमचं नाय ठेवणार हां. जुनं हाये लई."

"नको गं बाई ठेवू," ठमाबाई म्हणाली आणि चष्म्याच्या आत पाणी आलं.

दुपारी प्रतिभा सिस्टरांनी तिला टेबलापाशी बोलावलं. पुढ्यात टाइप केलेला कागद होता. घडल्या प्रकाराबद्दल खुलासा.

"काय लिहिलंय, सिस्टर?"

"आयाने आदेश मोडून बाळ कोविड कक्षात नेलं, त्यामुळे बाळाला संसर्ग झाला. यापुढे असं होणार नाही."

"आणि आईचं?"

"आईचं मी माझ्या अहवालात लिहिलंय. रक्तदाबाच्या आकड्यांसकट. या कागदात नाही त्याला जागा."

ठमाबाईने कागद हातात घेतला. संसर्ग झाला, हे खरंच होतं. ते तिला नाकारायचं नव्हतं. त्या दोन दिवसांतलं पोरीचं मलूल तोंड तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. "यापुढं नाय होणार, एवढं खोडा," ती म्हणाली. "बाकीच्यावर करते सही."

सिस्टरांनी पेन उचललं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि शेवटच्या ओळीवर रेघ मारली.

"मला काढणार का?"

"कंत्राटदाराला विचारलं होतं मी. तो म्हणाला, काढलं तर दुसरी कोण येणार तिथं?" सिस्टर थकल्यासारख्या हसल्या. "सुट्टी मागितली तुमच्यासाठी आठ दिवसांची. तीही नाही मिळाली."

ठमाबाईने सही केली. त्याच वेळी खालून फोन आला. इगतपुरीहून एक बाई येत होती, नववा भरलेला, रिपोर्ट पॉझिटिव्ह, कळा सुरू झालेल्या. ठमाबाईने पेन टेबलावर ठेवलं आणि खाट झाडायला आत गेली.